सीपॅपचं ‘ऑटो’ आणि ४ ते २०: काही महिन्यांच्या वापरानंतर

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून सतत दाबाने हवा देणारं मशीन. ते घेतल्यापासून एक पावसाळा आणि एक हिवाळा काढला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. मशीन रेसमेड कंपनीचं एअरसेन्स १०, ऑटो प्रकारातलं, म्हणजे हवेचा दाब (प्रेशर) गरजेप्रमाणे आपोआप कमीजास्त करणारं. मास्क फक्त नाकावर बसणारा. मास्क कुठला घ्यावा, आवाज किती होतो, शेजारच्याची झोपमोड होते का, यावर भरपूर वाचायला मिळतं. प्रेशरचा विषय निघाला की मात्र ‘ते डॉक्टर ठरवतात’ म्हणून सगळे गप्प. ठरवतात हे खरंच. पण ठरवलेले आकडे मशीनमध्ये भरलेत की नाही, हे कोण बघतं? माझ्या बाबतीत सुरुवातीला कुणीच बघितलं नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. वय बावन्न, सांगलीत बँकेत नोकरी. सकाळी उठल्यावर डोकं जड, दुपारी जेवणानंतर काउंटरवर डोळे उघडे ठेवायची मारामार. थायरॉइड झालं, बी-१२ झालं, ‘या वयात असं होतंच’ हेही ऐकून झालं. स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास थांबण्याचा आजार, म्हटलं की डोळ्यासमोर जाड मानेचा, ढाराढूर घोरणारा पुरुष येतो. बायकांची तक्रार बहुधा थकवा, झोप न लागणं, डोकेदुखी अशी असते, म्हणून निदान मागे पडतं. माझी स्लीप स्टडी झाली तेव्हा एएचआय ३४ आला. म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी ३४ वेळा श्वास किमान १० सेकंद थांबत होता किंवा अर्धवट होत होता. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

इथे एक गैरसमज. आजार जितका तीव्र तितकं प्रेशर जास्त, असं सगळ्यांना वाटतं. आमच्या घरात माझ्या दिरांचाही अ‍ॅप्निया निघालेला; त्यांचा एएचआय साठच्या वर आणि प्रेशर ९ मध्ये भागतं. मला ११ लागतं. दिवाळीत आम्ही दोघं शुगरचे आकडे सांगावेत तसे हे आकडे सांगत बसलो होतो आणि जाऊबाई म्हणाल्या, ‘वहिनी, मग तुमचा आजार जास्त.’ तसं नसतं. घशाचा मऊ भाग उघडा ठेवायला किती हवा लागते, तेवढंच हा आकडा सांगतो. ते जबड्याच्या ठेवणीवर, जिभेवर, मानेवर, नाकावर अवलंबून असतं. शिवाय एकाच माणसाची गरज रात्रभर सारखी राहत नाही. उताणं झोपलं की वाढते, स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल पडतात तेव्हा वाढते, दारू घेतली तर वाढते.

आकड्याचं एकक सेंटिमीटर पाणी. १० म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरेल एवढा दाब. वातावरणाचा दाब याच मापात सुमारे १०३३ असतो, म्हणजे आपण त्यावर जेमतेम एक टक्का भर घालतो. ‘फुप्फुसाला काही होईल का’ ही माझ्या आईची काळजी या हिशोबाने मिटली. ही हवा फुप्फुसात ढकलायची नसतेच; ती घसा आतून टेकू दिल्यासारखा उघडा धरते, श्वास आपला आपणच घ्यायचा. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा उपाय पहिल्यांदा मांडला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. बदललं ते मशीन.

आता मुद्द्यावर येते. मशीन घरी बसवायला विक्रेत्याचा मुलगा आला. मास्कचे पट्टे लावून दाखवले, पाणी कुठवर भरायचं ते दाखवलं. प्रेशर कितीवर आहे विचारलं तर म्हणाला, ‘काकू, ऑटो आहे. सगळं आपोआप. काही बघायला नको.’ ते ४ ते २० वर होतं, म्हणजे कारखान्यातून आलं तसंच. या प्रकारची मशीन ४ च्या खाली आणि २० च्या वर जातच नाहीत, त्यामुळे ४ ते २० म्हणजे कुणी काहीही न ठरवणं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तेव्हा नुसतं ‘ऑटो सीपॅप’ एवढंच होतं, म्हणून त्या मुलाला एकट्याला दोष देत नाही.

त्या काळातला त्रास दोन प्रकारचा. पहिला झोपताना. मास्क लावला की हवा कमी पडल्यासारखी वाटायची, जीव गुदमरायचा. प्रेशर जास्त झालंय म्हणून गुदमरतंय, असं वाटणं साहजिक. प्रत्यक्षात ते कमी होतं. बऱ्याच मोठ्या माणसांना ४ वर श्वास ओढून घ्यावा लागतो. दुसरा त्रास पहाटेचा. चार-साडेचारला दचकून जाग, तोंड कोरडं, पोटात हवा भरलेली आणि ढेकरांवर ढेकर. नाकावरच्या कडेतून फुर्र आवाज करत हवा डोळ्यात. सकाळी स्क्रीनवर तासाला सात-आठ घटना, म्हणजे श्वास थांबल्याच्या किंवा अर्धवट झाल्याच्या नोंदी, दिसायच्या. ३४ वरून ७ म्हणजे छानच की, असं विक्रेत्याच्या ऑफिसातून फोनवर सांगण्यात आलं.

फॉलोअपला मशीनमधलं एसडी कार्ड नेलं. डॉक्टरांनी रात्रीचा आलेख उघडला आणि मला जवळ बोलावून दाखवला. हे मला आयुष्यभर पुरेल असं शिक्षण होतं. प्रेशरची रेघ ४ पासून निघते, दीड-दोन तास ५-६ च्या आसपास रेंगाळते. मग घटनांचा एक पुंजका, त्यामागून रेघ चढते १० वर, ११ वर. थोडा वेळ शांतता, की रेघ पुन्हा खाली. खाली आली की पुढचा पुंजका. पहाटेच्या पुंजक्यात ती १५ च्या वर गेली होती आणि तिथेच गळतीची रेघही उसळलेली.

डॉक्टर म्हणाले, ‘अहो, ऑटोला भविष्य कळत नाही. आधी घसा मिटायला लागतो, मग त्याला समजतं, मग ते हळूहळू चढतं. तुम्ही त्याला तळमजल्यावर उभं केलंय आणि काम चौथ्या मजल्यावर आहे.’

अहवालात तीन आकडे असतात: मध्यक, ९५ टक्के आणि कमाल. बघायचा तो ९५ टक्क्यांचा. त्याचा अर्थ असा की रात्रीचा ९५ टक्के वेळ प्रेशर या आकड्यावर किंवा त्याखाली होतं. माझा ११.२ होता. कमाल आकडा कधीकधी नुसत्या गळतीमुळेही फुगतो, त्याला घाबरून उपयोग नाही. त्यावरून डॉक्टरांनी किमान ८ आणि कमाल १३ ठरवलं. खालची बाजू उचलली कारण चढायला वेळ लागू नये, आणि वरची बाजू आवळली कारण १५ वर माझा मास्कच उचलला जात होता. मास्क गळला की मशीनची मोजणी बिघडते. या कंपनीच्या अहवालात गळतीची मर्यादा मिनिटाला २४ लिटर धरलेली असते. मास्कच्या भोकांतून मुद्दाम बाहेर सोडलेली हवा यात मोजत नाहीत, ती उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड निघून जायलाच असते.

आणखी एक गोष्ट तिथे कळली, ती पुस्तिकेत वाचूनही लक्षात आली नसती. ईपीआर नावाची सोय असते: श्वास सोडताना प्रेशर १, २ किंवा ३ ने उतरतं, म्हणजे हवेच्या विरुद्ध फुंकावं लागत नाही. माझं ३ वर ठेवलेलं होतं, पण ४ च्या खाली मशीन जातच नाही, म्हणजे झोप लागेपर्यंत ती सोय नावालाच. किमान ८ केल्यावर श्वास सोडताना ते ५ वर उतरायला लागलं आणि पहिल्याच रात्री फरक कळला. आकडा दुप्पट आणि श्वास सोपा! अर्थात ईपीआर फुकट मिळत नाही. सोडताना आधार कमी होतो, म्हणून काहींना ते लावल्यावर किमान प्रेशर थोडं वाढवावं लागतं. माझं नंतर २ वर आणलंय. रॅम्पची, म्हणजे झोप लागेपर्यंत प्रेशर हळूहळू चढवण्याच्या सोयीची, सुरुवातही आता ४ ऐवजी ६ वरून होते.

मग हे आकडे आपणच का बदलू नयेत? बदलता येतात, मेनू कसा उघडायचा हे लपून राहिलेलं नाही. मी बदलत नाही, आणि कारण अगदी ठोस आहे. अहवालात घटना दोन जातीच्या दाखवतात: घसा मिटल्यामुळे थांबलेला श्वास आणि घसा उघडा असूनही थांबलेला श्वास. दुसऱ्या जातीत मेंदूकडून श्वासाचा इशाराच येत नाही. तिथे प्रेशर वाढवून काही होत नाही. काहींच्या बाबतीत वाढत्या प्रेशरने त्या घटना वाढतात. नुसता एकूण आकडा बघून किमान वाढवत नेलं तर आपण नेमकं उलट करत असू शकतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी तर हात लावूच नये. मी आलेख बघते, ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर भाच्याने लॅपटॉपवर घालून दिलंय, आणि जे दिसतं ते डॉक्टरांना विचारते. त्यांना याचा राग येत नाही, हे माझं नशीब.

सध्या तासाला दोनच्या आसपास घटना, पहाटेच्या ढेकरा गेल्या, दुपारी झोप येत नाही. सर्दी झाली की आकडे बिघडतात. रात्री चेहऱ्याला क्रीम लावलं की मास्कचं कुशन घसरतं, म्हणून ते बंद केलं. अंबाड्यावर मागचा पट्टा बसत नाही. खाली सैल वेणी घालते.

ह्युमिडिफायरचं (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) थोडक्यात: पावसाळ्यात कमी, हिवाळ्यात जास्त. नळीत बुडबुड आवाज आला तर पाणी साचलंय. इन्व्हर्टरवर झोपायची वेळ आली तर ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद करावी, वीज तेच जास्त खातात. नुसती मोटर फार कमी घेते.

भाड्याने घेणाऱ्यांनी आणि दुरुस्तीदरम्यान बदली मशीन घेणाऱ्यांनी एवढं करावं: चिठ्ठीवर प्रकार, किमान, कमाल, रॅम्पची सुरुवात, ईपीआर आणि मास्कचा प्रकार, सगळं लिहून घ्यावं आणि बसवणाऱ्या माणसाला ते स्क्रीनवर दाखवायला लावावं. वजन पाच-सात किलोने इकडेतिकडे झालं किंवा नाकाचं ऑपरेशन झालं, तर तेच आकडे पुढे चालवू नयेत. माझे दीर आता वजन उतरवतायत, त्यांचा ९५ टक्क्यांचा आकडा आधीच खाली आलाय, आणि पुढच्या महिन्यात कार्ड घेऊन ते त्याच डॉक्टरांकडे जाणार आहेत.