ओकावांगोतला प्रायव्हेट कॅम्प: खिशाला जड, पण घ्याच

बोत्स्वानात ओकावांगो डेल्टाला जायचं ठरलं की मोरेमी हे सरकारी अभयारण्य का प्रायव्हेट कन्सेशन, म्हणजे खासगी कंपनीला भाड्याने दिलेलं जंगल, हा घोळ होतोच. आम्ही कन्सेशनमधला कॅम्प घेतला आणि माझ्या मते पैसे वसूल, कारण मोरेमीत रस्ता सोडून गाडी घालता येत नाही, रात्रीची ड्राइव्हपण नाही, इथे दोन्ही चालतं, बिबट्या झुडपात शिरला की आमची जीप पण मागोमाग!

पाण्याचं गणित मात्र आधी समजून घ्या. पाऊस पडतो वर अंगोलात, ते पाणी इथे पोचेपर्यंत काही महिने जातात, म्हणून पूर येतो ऐन कोरड्या सीझनमध्ये, साधारण जून ते ऑगस्ट. मोकोरोत, म्हणजे लांब काठीने ढकलतात त्या अरुंद होडीत, मनसोक्त फिरायचं तर तेव्हाच जा.

कॅम्पला माउन गावाहून छोट्या विमानाने जातात, सामान साधारण 20 किलोच, तेही कॅमेरा धरून आणि मऊ बॅगेत, कडक सुटकेस चालत नाही. बुकिंगवाल्यांनी हे अगदी शेवटी सांगितलं, त्याचा एक स्टार कापला. जेवण ठीकठाक. गाईड एक नंबर, नुसत्या ठशांवरून सिंह शोधून दिले. आणि हो, जुलैत पहाटे उघड्या जीपमध्ये मरणाची थंडी वाजते, आफ्रिका म्हणजे गरमच असेल असं समजून जॅकेट घरी ठेवू नका.