लिपो शॉट, वेगोवी की नुसतं बी-ट्वेल्व्ह? पैसे भरायच्या आधी एवढं बघा

अमेरिकेतल्या आपल्या लोकांचा सध्या हा घोळ चाललाय. मेडस्पामध्ये (सौंदर्य-उपचारांच्या क्लिनिकमध्ये) "फॅट बर्निंग शॉट", म्हणजेच लिपो शॉट, अगदी पंचवीस-पन्नास डॉलरलाही मिळतो, डॉक्टर मात्र वेगोवी नाहीतर झेपबाउंड या वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं नाव काढतात, दोन्हीकडे सुईच, दोन्हीकडे आठवड्यातून एकदाच, मग स्वस्तातली का नको असं वाटणारच. पण दोन्हींचं काम पूर्ण वेगळं आहे.

लिपो शॉट म्हणजे बहुतेक ठिकाणी एमआयसी: मेथिओनीन, इनोसिटॉल, कोलीन आणि वर बी-ट्वेल्व्ह. तो लालभडक दिसतो तो बी-ट्वेल्व्हमुळे, बघणाऱ्याला उगाच पॉवरफुल वाटतो. आयडिया जुनी आहे. १९३० च्या दशकात टोरोंटोमध्ये चार्ल्स बेस्ट (इन्सुलिनवाल्या बँटिंगचे जोडीदार) आणि त्यांची टीम स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना इन्सुलिनवर जगवत होती, तरी कुत्र्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठायची, लेसिथिन (अंड्याच्या बलकात असतं ते द्रव्य) दिलं की कमी व्हायची, आणि नंतर कळलं की त्यातलं कोलीन हे काम करतंय. हे खरंच आहे, लिव्हर चरबी व्हीएलडीएल नावाच्या, रक्तातून चरबी वाहणाऱ्या कणांत भरून बाहेर पाठवतं आणि त्या कणांचं आवरण करायला कोलीनपासून बनणारं द्रव्य लागतं, ते कमी पडलं तर माल लिव्हरमध्येच अडकतो. पण बाहेर पडलेली चरबी जाते रक्तात, आणि तिथून शरीराने वापरली नाही तर परत पोटावरच येऊन बसते. "लिव्हरमधून हलली" आणि "जळली" यातला फरक ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही!

आता डोस बघा. एका मिलीमध्ये कोलीन साधारण ५० मिलिग्रॅम असतं, एका अंड्यात जवळपास १५०. बाईला दिवसाला ४२५ लागतं, पुरुषाला ५५०. म्हणजे आठवडाभराची सुई एका अंड्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, आणि कोलीन तोंडावाटे नीट शोषलंही जातं. अंडं चालत नसेल तर सोयाबीन, शेंगदाणे आहेतच. पीसीओएससाठी (बायकांचा हॉर्मोनचा त्रास) इनोसिटॉल घेतात ते रोज ग्रॅममध्ये, इथे मिळतं आठवड्याला ५० मिलिग्रॅमच्या आसपास, त्याने काय होणार? आणि वजन कमी करायला म्हणून या मिश्रणाला एफडीएची (अमेरिकेतल्या औषध नियंत्रकाची) मान्यता नाही, कंपाउंडिंग फार्मसीत म्हणजे औषधं मिसळून बनवून देणाऱ्या दुकानात बनतं, विकायच्या आधी एफडीए ते तपासत नाही.

बी-ट्वेल्व्हचं मात्र वेगळं. शाकाहारी असाल, डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल किंवा पोटाची बायपास झाली असेल तर ते कमी असण्याची शक्यता बरीच, आणि मग सुईने थकवा गेल्यासारखा वाटेल, चालायला जायचा उत्साहही येईल. पण मग साधं बी-ट्वेल्व्ह घ्या ना, रक्त तपासून, आपल्या फॅमिली डॉक्टरकडून. लेव्हल नॉर्मल असेल तर वरून टोचून वजन हलत नाही.

दुसऱ्या बाजूला वेगोवी, म्हणजे सेमाग्लुटाइड. हे भूकच कमी करतं, माणूस कमी खातो आणि वजन उतरतं. २०२१ च्या स्टेप-१ ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन गेलं, औषध नसलेली नुसती खोटी सुई घेणाऱ्यांचं २.४. झेपबाउंडचे आकडे याहून वर. फुकट नाही हे, मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, कधी पित्ताशयाचे खडे, मसल पण जातात, आणि बंद केलं की गेलेल्यातलं बरंचसं परत येतं. घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सरचा इतिहास असेल तर विषयच बंद. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा जास्त, नाहीतर २७ किंवा जास्त आणि सोबत बीपीसारखं काही, असं असेल तरच डॉक्टर लिहून देतात. भारतात वेगोवी २०२५ पासून आहे, त्यामुळे सुट्टीत गावी गेल्यावर आणू म्हणणारेही भेटतात, पण सुरुवातीचे डोस दर महिन्याला वाढवत न्यायचे असतात, मध्ये बघायला डॉक्टर नसेल तर अवघड होतं.

एक तिसरंच प्रकरण, हनुवटीखाली टोचतात ते कायबेला. ते डीऑक्सिकोलिक ॲसिड, तिथल्या चरबीच्या पेशी फोडतं, २०१५ पासून मान्य, पण फक्त तेवढ्या जागेसाठी. नावात "लिपो" असलेलं पॅकेज कोणी पोटासाठी विकत असेल तर बाटलीवरची घटकांची नावं आणि मिलिग्रॅम लिहून मागा, दिले नाहीत तर उठून या.