जर्मनीची ४११ युरोंची जलद व्हिसा सेवा घ्यावी का?

जर्मन कंपनीचं ऑफर लेटर आलं की पुढचा प्रश्न हमखास हाच असतो: नेहमीच्या मार्गाने व्हिसा काढायचा, की कंपनीला ४११ युरो भरायला लावून जलद प्रक्रिया घ्यायची? कायद्यात तिचं नाव 'बेश्लॉयनिग्टेस फाखक्रेफ्टेफरफारेन' असं जीभ वळवणारं आहे. मार्च २०२० पासून ती निवास कायद्याच्या कलम ८१ए खाली चालते. या पैशांत व्हिसा मिळत नाही. मिळते ती कागद तपासणाऱ्या कचेऱ्यांवर घातलेली मुदत. अर्ज फेटाळला गेला तर शुल्कही गेलं. हे नीट समजलं नाही तर सेवा महाग वाटते. समजलं तर काही पेशांसाठी ती स्वस्तच आहे.

सुरुवात उमेदवाराला करता येत नाही. उमेदवाराने कंपनीला मुखत्यारपत्र, म्हणजे 'फोलमाख्ट', द्यायचं आणि कंपनीने जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयाशी, 'आउसलेंडरबेहोर्डे'शी, करार करायचा. काही राज्यांनी यासाठी मध्यवर्ती कचेरी काढली आहे. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाची बॉनमध्ये, बव्हेरियाची न्यूरेम्बर्गमध्ये. अशा ठिकाणी रोज हीच कामं होत असल्याने अनुभवी माणसं भेटतात. लहान गावातल्या कार्यालयात मात्र वर्षाला मोजक्याच फाइली येतात आणि तो फरक जाणवतो. त्यातून करार कधी करायचा, याला दिवसांत मोजलेली मुदत नाही. सेवेतला सगळ्यांत कच्चा दुवा हाच. म्हणून कंपनीला पहिल्याच आठवड्यात विचारावं की करारावर सह्या कोणत्या तारखेला होणार.

करार झाल्यावर मात्र घड्याळ खरंच चालू होतं. शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेला पूर्ण कागद मिळाल्यापासून दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. रोजगार खात्याची संमती लागत असेल आणि ते आठवडाभर गप्प राहिलं, तर संमती दिली असंच धरलं जातं. एरवी हीच मुदत दोन आठवड्यांची असते. मग 'फोरआबत्सुश्टिमुंग', म्हणजे पूर्वसंमती, निघते. कंपनी ती उमेदवाराला पाठवते. ती दाखवल्यावर वकिलातीने तीन आठवड्यांच्या आत भेटीची वेळ द्यायची आणि अर्ज पूर्ण असेल तर साधारण आणखी तीन आठवड्यांत निकाल. व्हिसाचे ७५ युरो वेगळे, मान्यतेचं शुल्कही वेगळं.

आता ही सेवा कोणी घेऊ नये. पदवी आणि विद्यापीठ दोन्ही 'आनाबिन' या जर्मन माहितीकोशात चोख सापडत असतील आणि पगार ब्लू कार्डच्या (उच्चशिक्षितांसाठीच्या युरोपीय निवास परवान्याच्या) मुख्य मर्यादेच्या वर असेल, तर ना वेगळी मान्यता लागते ना रोजगार खात्याची संमती. वाचवायला टप्पेच उरत नाहीत, उरते फक्त वकिलातीची लवकरची वेळ. नेहमीच्या मार्गाने ती वेळ कधीची मिळते ते आधी बघावं, मगच कंपनीला पैसे भरायला सांगावं. २०२६ साठी ब्लू कार्डची मुख्य पगारमर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे. तुटवड्याच्या पेशांना आणि गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांना ४५,९३४.२० युरो चालतात, पण तिथे रोजगार खातं मध्ये येतं. आयटीतल्या लोकांना पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य पातळीचा अनुभव असेल, तर याच खालच्या मर्यादेवर ब्लू कार्ड मिळू शकतं.

परिचारिका, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक यांच्यासाठी मात्र आमचं मत स्पष्ट आहे: घ्याच. त्यांचा सगळा वेळ मान्यतेत जातो आणि तिथेच दोन महिन्यांची मुदत कामाला येते. नर्सिंगच्या बाबतीत निकाल बहुधा अर्धा येतो: शिक्षणात अमुक तफावत आहे, ती प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढा. हा नकार नव्हे. त्याच कागदावर जर्मनीत येऊन उरलेलं पूर्ण करण्याचा व्हिसा मिळू शकतो. मात्र जर्मन भाषेचं प्रमाणपत्र तयार हवं.

फाइल अडकते ती बहुतेक साध्या गोष्टींवर. आनाबिनमध्ये विद्यापीठापुढे 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, असं दिसलं की लोक खूश होतात आणि पदवी शोधतच नाहीत. पदवीपुढेही 'एंटश्प्रिश्ट' (जुळते) किंवा 'ग्लाइशवेर्टिश' (समतुल्य) असा शेरा हवा, आणि दोन्ही पानं छापून जोडावीत. पदवी सापडली नाही, तर 'झेडएबी'कडून, म्हणजे परदेशी शिक्षण तपासणाऱ्या जर्मन मध्यवर्ती कचेरीकडून, पदवी मूल्यमापनाचं पत्र घ्यावं लागतं. त्याचे २०८ युरो. हे पत्र ऑफर येण्याआधीच काढून ठेवलं तर सगळ्यांत जास्त वेळ वाचतो, आणि त्यासाठी कंपनीची गरजही नसते.

दुसरी गफलत पगाराची. मर्यादेत धरतात तो नोकरीच्या करारात हमी दिलेला ढोबळ वार्षिक पगार. कामगिरीवर मिळणारा बोनस त्यात धरत नाहीत. कंपनीने भरायच्या नोकरीच्या निवेदनात आठवड्याचे तास, पगार आणि कामाचं स्वरूप असतं. तिथे ४० तास आणि करारात ३८.५ असले की फाइल परत. आकडा मर्यादेच्या अगदी काठावरही ठेवू नये, कारण १ जानेवारीला मर्यादा बदलते. भारतीयांच्या बाबतीत आणखी एक: पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि पदवीवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, असं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र भाषांतरासह आधीच जोडावं.

पती-पत्नी आणि अल्पवयीन मुलांचे अर्ज त्याच सुमारास केले, तर तेही याच प्रक्रियेत बसतात. कंपनीला हे ठाऊक नसतं, त्यामुळे आपणच कार्यालयाशी होणाऱ्या करारात लिहून घ्यायला सांगावं.

आणि फाइल अर्धवट असताना 'आधी देऊ, मग बघू' हा बाणा आता परवडणारा नाही. नकारावर वकिलातीकडेच फेरविचार मागायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. उरतात दोनच वाटा: नवा अर्ज, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. बहुतेकांसाठी नवा अर्जच बरा, पण नकारपत्रात लिहिलेलं कारण दूर केल्यावरच.