हायड्रोजन की बॅटरी?

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांची 100 युनिट वीज घ्या. बॅटरीत भरली तर 70-80 युनिट गाडीच्या चाकापर्यंत पोचतात. त्याच विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढा, 350 किंवा 700 बार (हवेच्या दाबाच्या साधारण तितक्या पट) दाबानं टाकीत कोंबा, फ्युएल सेलमधून (हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज करणारं यंत्र) पुन्हा वीज करा. उरतात जेमतेम 30-35. साताऱ्यातल्या स्कूटर-रिक्षांसाठी विषय इथंच संपतो.

पुण्याहून माल भरून खंबाटकी चढत सांगलीला येणाऱ्या ट्रकचं गणित वेगळं. 1 किलो हायड्रोजनमध्ये 33 युनिट ऊर्जा. किलोभर लिथियम बॅटरीत पाव युनिट म्हणजे डोक्यावरून पाणी. (टाकीच किती जड, हे मात्र कुणी बोलत नाही!) शिवाय टाकी काही मिनिटांत भरते. पण महामार्गावर पंप नसेल, तर तो ट्रक घेणार कोण?