एमजीबीचे ऑइल कूलर पाइप : स्टील जाळीच्या सेटचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या १७९८ सीसी इंजिनात पंपाने ढकललेलं सगळं तेल ब्लॉकच्या मागच्या टोकाला, उजव्या बाजूने बाहेर पडतं. तिथून एका पाइपाने ते पुढे कूलरमध्ये (तेल थंड करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) जातं आणि दुसऱ्या पाइपाने फिल्टरच्या हेडमध्ये येतं. बेअरिंगांची पाळी त्यानंतर. म्हणून यातला एक पाइप फुटला तर ती साधी गळती राहत नाही. पंपच सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) रस्त्यावर रिकामा करतो. जुन्या रबरावर बारीक भेगा दिसल्या किंवा धातूच्या प्रेस केलेल्या टोकाशी ओलावा जाणवला की पाइप बदलायचाच, आणि दोन्ही एकदम.

मी बसवलेला सेट आतून नायट्राइल रबराचा, वरून स्टीलच्या जाळीचा, टोकं प्रेस केलेली. आठ महिन्यांत टोकांतून एक थेंबही पाझरलेला नाही. त्रास झाला तो जाळीचा. रेडिएटरच्या पॅनलमधून पाइप जातो तिथले रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसणाऱ्या कड्या) तिने कानशीसारखे घासले, आणि ग्रॉमेट संपल्यावर पत्र्याचा रंग. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, कूलर बॉडीला बसवलेला, त्यामुळे पाइप सतत थोडा सरकत राहतो. उपाय सोपा आहे, पण बसवण्याआधी करायचा : पॅनलच्या भोकांजवळ जुन्या हीटर पाइपाचा उभा चिरलेला तुकडा जाळीवर चढवायचा आणि ग्रॉमेट नवे घालायचे. जाळीचा पाइप पिळला गेला तर कळतही नाही. दोन्ही टोकं सैल असताना रंगाच्या पेनाने लांबीवर सरळ रेघ मारून घ्या. आवळल्यावर ती वेटोळी दिसली तर नट ढिला करून पुन्हा बसवा.

सगळ्यात जास्त नुकसान जुना नट सोडवताना होतं. कूलरची तोंडं पातळ टाकीला जोडलेली असतात. एकाच पान्याने जोर लावला तर तोंड टाकीसकट पिळतं आणि जोडाशी चीर पडते. एका पान्याने कूलरचं तोंड धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा, आवळतानाही तसंच. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा. तरीही नट हलला नाही तर जुना पाइप नटाच्या मागे कापून टाका, म्हणजे उघडा पाना घसरवत बसण्याऐवजी रिंग पाना चढवता येतो.

आट्यांची गफलत नेहमीची. कूलरवर अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाचे) आटे असतात : बाहेरचा व्यास सुमारे २१ मिमी, इंचाला १४ आटे. ७/८ इंची जेआयसी (अमेरिकी मापाच्या) नटालाही इंचाला १४च आटे, म्हणून तो चढतो, फक्त जरा सैल वाटतो. त्याच्या बैठकीचा, म्हणजे जोड जिथे टेकून बंद होतो त्या शंकूचा, कोन वेगळा (७४ अंश, बीएसपीचा ६०), त्यामुळे कितीही आवळला तरी झिरपणारच. नट हाताने डुगडुगला तर तिथेच थांबा. आट्यांवर टेफ्लॉन टेप नको. हा जोड आट्यांवर नाही, शंकूच्या बैठकीवर बंद होतो, आणि टेपचे तुटलेले धागे तेलाच्या वाटेत अडकतात.

पाइप रिकामे झाले की या इंजिनाचा पंप कधी कधी तेल खेचत नाही. म्हणून नवे पाइप आणि कूलर तेलाने भरूनच जोडावेत. मग चारही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारायचा, मध्ये थांबून. तेलाच्या दाबाच्या गेजची सुई उठल्याशिवाय इंजिन चालू करू नये. सुई उठलीच नाही तर फिल्टर हेडकडचा जोड उघडून आत तेल ओतावं. शेवटी डिपस्टिक पाहून भर घाला. कूलर बरंच तेल पोटात ठेवतो.

गळती दोनदा तपासायची. थंड इंजिनावर तेल घट्ट असतं, दाब सर्वांत चढा असतो, तेव्हा मोठा दोष दिसतो. पूर्ण तापल्यावर तेल पातळ होतं, तेव्हा बारीक पाझर दिसतो. चालत्या गाडीत तेलाचा दाब ५० ते ८० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि आयडलिंगला १० ते २५ हे ठीक. बोनेट उघडलंच आहे तर गेजला जाणारा बारीक रबरी पाइपही बदला. तो तितकाच जुना असतो. गेजच्या मागच्या नटातला चामडी वॉशर हरवू नका, नाहीतर तेल डॅशखाली पायांवर टपकतं.

जाळी दगडांपासून रबराला वाचवते हे खरं. पण रबर कडक झालंय की भेगाळलंय हेही तीच झाकते. साध्या रबरी पाइपाचं म्हातारपण डोळ्यांना दिसतं, म्हणून रस्त्यावरच्या गाडीला मी पुढच्या वेळी चांगल्या प्रतीचा साधा पाइपच घालेन. जाळीचा ठेवायचा असेल तर बसवल्याची तारीख नटाशेजारी पट्टी लावून लिहा आणि पाच-सहा वर्षांनी, चकचकीत दिसला तरी, काढून टाका.