प्रवासाच्या टिप्सचं पुस्तक: नवख्याला की मुरलेल्याला?

पहिल्यांदाच परदेशी निघालेल्याने असं पुस्तक बेलाशक घ्यावं. मोबाइलवर सगळं सापडतं हे खरं, पण शोधायला आधी प्रश्न तरी सुचायला हवा ना! पासपोर्टची मुदत संपायला चार महिने आहेत म्हणून नवखा निर्धास्त असतो. अनेक देशांना मात्र ती किमान 6 महिने शिल्लक लागते. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. आणि परक्या देशातलं एटीएम ‘रक्कम तुमच्या चलनात कापू का?’ असं विचारतं, तेव्हा हो म्हणायचा मोह होतोच. तिथे सरळ नकार द्यावा, स्थानिक चलनच निवडावं. नाहीतर एटीएमवाले स्वतःचा, बहुधा महागडा दर लावतात. पुस्तकाचे पैसे एवढ्यातच वसूल.

मुरलेल्या प्रवाशाला हे तोंडपाठ असतं. कपडे गुंडाळून भरा, कागदपत्रांच्या प्रती ठेवा, हे वाचताना तो जांभया देणार. त्याला एकाच प्रदेशाचं जाडजूड गाइडबुक जास्त कामाचं: कोणता घाटरस्ता बर्फामुळे बंद होतो, कुठल्या सीमेवर व्हिसा आधीच हातात हवा. आवृत्तीचं साल तेवढं बघावं. वेळापत्रकं आणि तिकीटदर लवकर शिळे होतात.

तरी जुन्या खोडांची एक खोड असते, मागच्या खेपेचे नियम यंदाही तसेच असतील असं ती धरून चालतात. त्यांनी टिप्सची नवी आवृत्ती वाचनालयात उभ्या उभ्या चाळली तरी पुरे. विकत घ्यायची गरज नाही.