वाळवंटी डोंगरातली हिवाळी रात्र: डाऊनची बॅग की फायबरची?

पन्हाळा-पावनखिंड भर पावसात केलेला माणूस मस्कतच्या नातेवाइकांकडे जातो, ओमानमधल्या जबल शम्स या डोंगराची दरी बघून येतो आणि पुढच्या डिसेंबरात तिथं तंबूत राहायचंच असं ठरवून टाकतो. कोल्हापुरात असे बरेच जण भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न स्लीपिंग बॅगचा असतो, कारण सह्याद्रीत आजवर चादर आणि जर्किनवर भागलेलं असतं. डाऊनची म्हणजे बदक-हंसांच्या मऊ पिसांची आणि फायबरची म्हणजे कृत्रिम धाग्यांची, अशा दोन्ही प्रकारच्या बॅगा मी वापरल्यात आणि आता घरात एकच ठेवलीय.

गुरुशिखरला जाणार असाल तर एवढा विचार करायची गरज नाही. अरवलीचं ते सर्वांत उंच टोक, 1,722 मीटर, पण गाडी जवळजवळ वर जाते आणि रात्री अबूच्या हॉटेलात रजई मिळते. बॅगेचा कस लागतो तो उघड्यावर. जबल शम्स साधारण तीन हजार मीटरचा. मुख्य माथा लष्कराच्या ताब्यात आहे, आपण चढतो ते दक्षिणेकडचं 2,997 मीटरचं शिखर. मुक्काम बहुतेक जण बराच खाली, दरीच्या काठच्या पठारावर करतात. जानेवारीत तिथंही पारा शून्याकडे सरकतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, झाडं विरळ. दिवसभर तापलेला खडक ऊन उतरलं की भराभर निवतो आणि जेवण होईपर्यंत बोटं आखडायला लागतात.

अशा ठिकाणी डाऊन सरस, यात वाद नाही. डाऊनचा एकमेव मोठा शत्रू म्हणजे ओल. पिसं भिजली की फुगत नाहीत, आणि फुगली नाहीत की ऊब धरत नाहीत. सह्याद्रीत पहाटे तंबू आतून घामेजतो, बॅगेचा पायाकडचा भाग दमट होतो. वाळवंटी डोंगरात हा त्रास खूपच कमी. शिवाय आत शिरल्यावर डाऊन दोन मिनिटांत गरम होते, फायबरला तुलनेनं वेळ लागतो, निदान मला तरी तसं जाणवलं. पण उत्तर ओमानमध्ये पाऊस पडतो तो बहुतेक हिवाळ्यातच आणि वाद्यांना, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांना, तेव्हा पूरही येतात. तेव्हा ‘वाळवंट म्हणजे कोरडं’ हा हिशेब अगदीच पक्का धरू नका.

बॅगेवरच्या आकड्यांबद्दल एवढंच, की ‘कम्फर्ट’चा आकडा वाचायचा, म्हणजे ज्या तापमानापर्यंत आरामात झोप लागते तो. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोप लागण्याचा नाही. दुकानदार नेमका तोच ठळक दाखवतो.

वजनाचं म्हणाल तर एकाच कम्फर्टच्या बॅगांमध्ये फायबरची साधारण अर्ध्या-पाऊण किलोनं जड भरते. सह्याद्रीत हा फरक मी मोजला असता. पण त्या डोंगरावर वाटेत टाकं नाही, विहीर नाही. मुक्काम धरून माणशी सहा लिटर पाणी पाठीवर न्यायचं, म्हणजे सहा किलो तिथंच झाले. त्यापुढं अर्ध्या किलोचं कौतुक ते किती? जागेचा मुद्दा मात्र खरा आहे. फायबरची बॅग सॅकेत जवळपास दुप्पट जागा खाते, मग पाण्याच्या बाटल्या बाहेर लटकतात आणि चढताना पाठीवर आपटत राहतात. फायबर घेणाऱ्यानं हे धरूनच चालावं.

आता माझं घोडं जिथं अडलं ते सांगतो. बॅग वाळवंटात काढते चार-दोन रात्री. उरलेलं वर्ष ती कोल्हापुरात असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, पापडाचा डबा सादळतो, आणि त्याच कपाटात पिसं ठेवायची. डाऊन दाबून ठेवायची नसते, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवायची असते. म्हणजे आधीच भरलेल्या घरात तिला एक अख्खा कप्पा द्यायचा. त्यात वाळवंटातून आली की ती धुवावी लागते, कारण बारीक धूळ आणि घामाचं तेल पिसांना धरतं. धुतल्यावर ओल्या बदकाचा वास घरभर. शिवणीच्या प्रत्येक कप्प्यात पिसांच्या गोळ्या होतात, त्या अंगठा आणि बोटांत धरून, बाहेरूनच, एकेक फोडत बसायचं. वरून कापड कोरडं लागतं आणि आतली गोळी ओलीच असते. उलटायची, झटकायची, पुन्हा तेच. असे गच्चीवर तीन-तीन दिवस जातात आणि चौथ्या दिवशी आभाळ येतं. गादीतला कापूस बसला तर पिंजारी होता, पिसं पिंजून देणारा कुणी नाही. ड्रायक्लीनिंगला द्यावी तर तिथल्या रसायनांनी पिसांचं नैसर्गिक तेल जातं.

फायबरची बॅग मी टबात बुडवतो, निथळतो, दोरीवर टाकतो. संपला विषय. दाबून ठेवल्यानं काही वर्षांत तिचीही ऊब कमी होत जाते हे खरं, म्हणून तीही सैलच ठेवावी. पण पैसे निम्म्याच्या आसपास लागलेले असतात, त्यामुळं फार वाईट वाटत नाही.

आमच्या ग्रुपमधल्या जैन मित्रांचा निर्णय या सगळ्याच्या आधीच, पिसं कुठून येतात एवढ्या एका प्रश्नावर झाला होता. तोही मुद्दा लहान नाही.

लडाख-स्पितीत हिवाळ्यात जायचं असेल तर मात्र माझं ऐकू नका. उणे दहाच्या खाली फायबरची बॅग एवढी अवजड होते की सॅकेत दुसरं काही मावायचं नाही. तिथं डाऊनच बरी, आणि वर्षातून एकदाच जाणार असाल तर भाड्यानं घेतलेली आणखी बरी. जबल शम्ससारख्या ठिकाणी शून्याच्या कम्फर्टची फायबर बॅग, आत एक लायनर म्हणजे पातळ अस्तराची पिशवी, झोपताना गरम पाण्याची बाटली पायाशी, आणि खाली फोमची मॅट एवढ्यावर माझं छान निभतं. हवेची मॅट टाळलेली बरी, चुनखडीच्या कडा आणि बाभळीसारखे काटे दोन्ही तिथं मुबलक आहेत.

एवढं वाचूनही डाऊनच घ्यायची असेल तर घ्या, वाईट नाही. फक्त पावसाळ्यातल्या सेलमध्ये घेऊ नका, दिवाळीनंतर घ्या.